थिजली म्हणे

बोटांच्या चिमटीत वळून वळून बारीक केलेला तो नारिंगी स्पंजचा तुकडा, निरांजनातल्या फुलवातीइतका हलका, सुनेत्राने कानात सारला आणि दुसरा कान तळहाताने झाकून, तो आत फुगेपर्यंत वरून बोट दाबून धरलं. आधी हॉटडॉगच्या गाडीवरचं गाणं बुडालं, मग लाउडस्पीकरवरचा निवेदक, मग टेकाडावर खुर्च्या मांडून बसलेली माणसं आणि त्यांची कुत्री... शेवटी तिचा स्वतःचा श्वास तेवढा उरला, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा. एरवी हा क्षण तिच्या फार आवडीचा. पण आज दुसरा तुकडा कानात न घालता तिने हातातच ठेवला. एवढ्याशा स्पंजातून शिट्टी ऐकू येते की नाही? येते. यायलाच हवी. इंजिनांचा आवाज अडावा आणि माणसाची शिट्टी आत यावी अशीच यांची घडण असते, असं पहिल्या दिवशी शिकवताना सांगितलं होतं. मग मे महिन्यात...

मे महिन्याचं नंतर. आधी झेंडा. पिवळा झेंडा तिने काठीभोवती सैल गुंडाळला, बगलेत धरला आणि लोखंडी कठड्यातल्या फटीपाशी, नेहमीच्या जागी, जाऊन उभी राहिली.

ही जागा म्हणजे काय, हे लीड्सच्या महाराष्ट्र मंडळात तिने अनेकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला होता आणि अनेकदा नाद सोडला होता. शर्यतीच्या गाड्यांना पुढे काही अपघात झालाय, हे सांगणारं कुणीतरी वळणावळणावर उभं असावं लागतं. ते काम मार्शल करतात. पगार नाही, जेवणाचा डबासुद्धा आपला आपण आणायचा. अशा प्रत्येक ठिकाणी, म्हणजे पोस्टवर, झेंडेवाले दोघं. एक निळा घेऊन येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा धोक्याचा पिवळा घेऊन पुढच्या वळणाकडे, म्हणजे येणाऱ्या गाड्यांकडे चक्क पाठ करून. पिवळ्याची पाठ निळ्याच्या हवाली असते. मागून एखादी गाडी सुटून पोस्टवर आली तर निळा शिट्टी फुंकतो आणि पिवळ्याने काही न विचारता, मागे वळून न बघता, कठड्याआड जायचं. एवढाच नियम. मंडळातल्या बायका डोळे विस्फारून ऐकायच्या आणि मग विचारायच्या, अहो पण हे सगळं कशासाठी? यावर सुनेत्राने कधी खरं उत्तर दिलं नाही. खरं उत्तर असं होतं की उभ्या जन्मात तिच्या शब्दावर घरातलं चिटपाखरू थांबलं नव्हतं, आणि इथे तिने हात वर केला की ताशी दीडशे मैलांनी येणारे दांडगे बाप्ये मुकाट्याने वेग कमी करायचे.

तिचा निळा झेंडा म्हणजे ग्लेनिस. कार्डिफची, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवून निवृत्त झालेली, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. सुनेत्रा हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाल्यापासून दोघी सगळ्या शर्यतींना मिळूनच येत, आणि केंटमधल्या या जुन्या सर्किटवर तर दर वर्षी. हा अमेरिकन शनिवार-रविवार. एकेकाळी गवतावरून मोटारसायकली पळवल्या जायच्या त्या या खोलगट जागेत आज अमेरिकन पद्धतीच्या स्टॉक कार धावणार होत्या: बोजड, रंगीबेरंगी, जाहिरातींनी माखलेल्या, वळणावर म्हशीसारख्या एकमेकींना ढुशा देत जाणाऱ्या. आणि त्यांच्या जोडीला सगळा तमाशाही आलाच. आयुष्यात कधी घोड्यावर न बसलेली इंग्रज माणसं काउबॉय हॅट घालून चहा पीत फिरत होती. सुनेत्राला दर वर्षी या हॅटवाल्यांची मनापासून गंमत वाटायची. आज वाटत नव्हती, आणि वाटत नाही याचाच तिला राग येत होता.

कारण आज सगळे तिच्याकडे बघत होते... नव्हते बघत. कुणाला काय पडलंय. पण चीफ मार्शलची पांढरी व्हॅन सकाळपासून त्यांच्याच पोस्टमागे उभी होती, आणि चीफ काही येडा नव्हता, बारा वळणांच्या सर्किटवर नेमकी इथेच सावली शोधायला.

मे महिन्यात उत्तरेकडच्या एका सर्किटवर झालं ते असं. पुढच्या वळणावर एक गाडी गरकन फिरून कठड्यावर आदळली. धूर. ड्रायव्हर बाहेर पडला, आणि गडी कठड्याआड जायचं सोडून भांबावल्यासारखा ट्रॅकच्या कडेलाच उभा राहिला, हातात हेल्मेट, कोवळी मान उघडी. सुनेत्रा जिवाच्या आकांताने पिवळा हलवत होती. तेवढ्यात तिच्या पाठीमागे दुसऱ्या एका गाडीचा ताबा सुटला आणि ती सरळ पोस्टच्या रोखाने आली. ग्लेनिसने शिट्टी फुंकली, खाली झेपावली. सुनेत्रा हलली नाही. गाडी टायरांच्या ढिगात शिरून तिच्यापासून दोन हातांवर थांबली, टायरांमधला एक उडून तिच्या बुटाला लागला, आणि ती झेंडा हलवतच होती.

बस. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण समोरच्या टेकाडावर कुणीतरी फोन धरून बसलेलं होतं. चित्रफीत घरोघर गेली. ग्लेनिस दिसते, मग दिसत नाही. केशरी कपड्यातली एक ठेंगणी बाई दिसते, आणि दिसतच राहते. खाली लोकांच्या टवाळ्या: आजीबाईंना पत्ताच नाही. चीफने फोन करून फार मऊ आवाजात विचारपूस केली. तिने सांगितलं, पुढे माणूस उभा होता, मी झेंडा खाली कसा टाकू? तो म्हणाला, हो ना लव्ह, बरोबर आहे लव्ह. लहान पोरीला गोंजारावं तशा त्या लव्हने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मग तो म्हणाला, माणूस थिजतो कधीकधी, चांगले चांगले थिजतात, वय कुणाला चुकलंय, तू केंटला ये आणि शेवटच्या शर्यतीआधी आपण बोलू. ट्रॅकमागे गाड्या उभ्या असतात त्या पॅडॉकमध्ये त्या रांगेत लावायचं काम आहे, छान सावलीतलं काम आहे.

थिजली. परीक्षितही तेच म्हणाला. तिचा मुलगा, जन्म लीड्सचा, आता पिनरला घर, लंडनच्या बँकेत नोकरी, चित्रफीत बघून रात्रीची झोप उडालेला. मंडळातल्या बायकाही तेच म्हणाल्या, फक्त त्यांनी तोंडाला पदर लावावा तसा आवाज केला. पुण्याहून तिचा नवरा ज्ञानेश्वरही म्हणाला. सगळ्या जगाला तो शब्द इतका पटकन कसा सापडतो? तिच्यासाठी लोकांकडे शब्द कायम तयारच असतात. ज्ञानेश्वर नोकरी सोडून आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेला, आई गेल्यावरही तिकडेच रमला, आणि सुनेत्रा गेली नाही, तेव्हा लोक म्हणाले, बिचारी अडकली. मुलासाठी अडकली, पेन्शनसाठी अडकली. अडकली कुठली, डोंबलाची! तिला लीड्स आवडत होतं. तिला लॅबमधली सकाळची शांतता आवडत होती, बसस्टॉपवर ओळख नसताना हवेबद्दल बोलणारी माणसं आवडत होती, आणि रविवारी ज्ञानेश्वरशी फोनवर बोलताना तो फोनच्या पलीकडे आहे, हेही आवडत होतं. ती ठरवून थांबली होती. पण बाई ठरवून थांबली, असं म्हणायला कुणाची जीभच वळत नाही. बाई एकतर अडकते, नाहीतर थिजते.

मी थिजले नव्हते. मला तो पोरगा दिसत होता, त्याची मान दिसत होती, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्याच्या मानेबद्दल सांगणारी त्या वळणावर मी एकटी होते. मी खाली बसले असते तर... मला शिट्टी ऐकू आली आणि मी —

इथे दर वेळी गाडी अडायची. ऐकू आली का? गेले कित्येक दिवस भांडी घासताना, बसमध्ये, अंथरुणात ती हे चित्र पुन्हा पुन्हा लावून बघत होती. धूर यायचा, पोरगा यायचा, झेंड्याच्या काठीचं वजन यायचं, पण शिट्टी... कधी ती टायरच्या धडकेनंतर वाजायची, कधी आधी, कधी वाजायचीच नाही. ठणठणीत आठवणीत शिट्टीपुरती जागा कोरी. आणि मग पहाटे कधीतरी मनाच्या तळातून एक बारीक आवाज म्हणायचा, अगं, सगळेच म्हणतायत तर असेलही. त्या आवाजाला ती मराठीत, इंग्रजीत आणि लॅबमधल्या आयरिश बाईकडून शिकलेल्या भाषेत शिव्या द्यायची.

सकाळची शर्यत तिने अशी केली की बोट ठेवायला जागा नाही. एक गाडी गवतात गेली, पिवळा वर. गाडी परत रस्त्यावर आली, पिवळा खाली, मोकळ्या रस्त्याचा हिरवा वर. इंजिनांचा आवाज कानात नाही, छातीच्या पिंजऱ्यात वाजत होता. व्हॅनमधून चीफ बघत होता, तर बघू दे. पण एक गोष्ट तिला खटकली, आणि ती खटकल्यावर तिला काही सुचेना. आज ग्लेनिस तिच्याशी झेंड्याच्या कामापलीकडे एक अक्षर बोलली नव्हती. तशी ती मे महिन्यापासूनच कमी बोलत होती. कामाचे फोन, कुठे भेटायचं, बास. सुनेत्राने त्याला दुखरी जागा टाळण्याचा शिष्टाचार समजलं होतं. मैत्रीण आहे, विषय टाळते आहे, चांगलंच आहे. आज पाठीमागची ती शांतता तिला पहिल्यांदा जड लागली.

दुपारी शर्यती थांबल्या तेव्हा परीक्षित प्रेक्षकांच्या कुंपणापाशी आला. कुंपणाच्या अलीकडे मार्शलांसाठी एक लाकडी बाक होता. त्यावर दोघी डबा उघडून बसल्या होत्या. सुनेत्राने त्याला जाळीवरून थालीपिठाचा तुकडा दिला. तो पहाटे पिनरहून निघून आला होता, त्याने ऊन लागू नये म्हणून तिच्यासाठी नवी टोपी आणली होती, आणि या सगळ्या चांगुलपणामुळे त्याच्यावर ओरडताही येत नव्हतं. संध्याकाळी तिला गाडीतून घरी न्यायचं, चार दिवस ठेवून घ्यायचं, असा त्याचा बेत होता. त्याची बायको ऋजुता खोली आवरून वाट बघत होती म्हणे.

"आई, चीफशी मी बोललो," तो म्हणाला. "ही'ज अ नाइस मॅन. तू फक्त म्हण, फ्रीझ झाला. इट्स नॉट अ बिग डील. पॅडॉकमध्ये तुला सगळे ओळखतात, तिथे तू हॅपी राहशील. आणि मला नाइट झोप येईल."

त्याची मराठी नेहमीसारखीच लंगडत चालली होती आणि त्या लंगडण्याने तिचं काळीज नेहमीसारखंच विरघळलं, आणि ते विरघळलं म्हणून तिला संताप आला. ती म्हणाली, तू कोण माझ्या वतीने बोलणारा? तो म्हणाला, तुझा मुलगा. ती थालीपीठ मोडत राहिली. मग इंग्रजीत, ग्लेनिसलाही कळावं म्हणून, तिने ठासून सांगितलं की पुढे माणूस उभा होता, म्हणून ती उभी राहिली, आणि ज्याला हे समजत नसेल त्याने एकदा तो झेंडा हातात धरून बघावा. आणि साक्षीला घ्यावं तशी ती ग्लेनिसकडे वळली.

ग्लेनिसने हातातला घास खाली ठेवला. बोटं पुसली. घाई अजिबात केली नाही.

"तू थिजली होतीस की शूर होतीस, याच्याशी मला काही देणंघेणं नाही," ती म्हणाली. "मी शिट्टी वाजवली. तू हलली नाहीस. आणि मग मला बघत राहावं लागलं. तुझी पाठ होती, तू काही पाहिलं नाहीस. मी पाहिलं. टायर नसते तर मी तेही पाहिलं असतं."

एवढंच. आणि उठून पाण्याची बाटली भरायला गेली.

सुनेत्राला वाटलं की आपल्याला कुणीतरी भर बाजारात थोबाडीत मारलीय, आणि बरोबर मारलीय. इतके दिवस त्या चित्रात पोरगा होता, धूर होता, ती होती, टवाळखोर होते, चीफ होता... ग्लेनिस नव्हती. चित्रफितीत जशी दिसेनाशी होते तशीच सुनेत्राच्या डोक्यातूनही ती नाहीशी झाली होती. कठड्याआड ओणवी होऊन ती वर बघत असणार, त्या शिट्टीला दातांत धरून. काय बघत होती ती? आणि मग सरळ हिशेब लागला, लॅबमधल्या रिपोर्टसारखा कोरडा. थिजली असेन, तर मी या जागेला नालायक. ठरवून उभी राहिले असेन, तर मी ग्लेनिसची शिट्टी ऐकून तिच्या तोंडावर फेकली. आणि निळ्याचं न ऐकणारा पिवळा पॅडॉकमध्येही ठेवत नाहीत, त्याचा केशरी अंगरखाच काढून घेतात. म्हणजे इतके दिवस सगळे जण जो शब्द घेऊन मागे लागले होते तोच सगळ्यांत स्वस्त होता. थिजले म्हणायचं, सावलीत बसायचं, पिनरला जायचं. ग्लेनिसचीही सुटका, तिलाही म्हणता येईल: म्हातारी थिजली, तिला शिट्टी ऐकूच आली नाही, तिने काही माझा अपमान केला नाही. सगळ्यांचं भलं... आणि तिचं काय? तिने आयुष्यात एकदा काही केलं असेल तर तेही तिच्या नावावर राहायचं नाही?

चीफ आला. टोपी काढून, डोकं खाजवत, चांगल्या माणसाच्या अवघडलेल्या चालीने. परीक्षित जाळीला हात लावून उभा. ग्लेनिस बाटली घेऊन परतली होती. चीफ म्हणाला की त्याला सगळं समजतं, कुणी तिला काही म्हणत नाही, तिने फक्त एवढं सांगावं की त्या क्षणी तिला शिट्टी कळली नाही. मग पुढचं तो बघून घेईल.

पुढचं तो बघून घेईल. सगळे जण सतत तिचं पुढचं बघून घेत होते.

"मला शिट्टी ऐकू आली होती," सुनेत्रा म्हणाली. चीफकडे नाही, ग्लेनिसकडे बघून. "ऐकू आली, आणि मी उभी राहिले."

चीफचं खाजवणं थांबलं. त्याने विचारलं, म्हणजे मुद्दाम? ती म्हणाली, हो. तो म्हणाला, हे त्याहून वाईट आहे, तुला कळतंय ना? ती म्हणाली, मला चांगलं कळतं. परीक्षितने "आई" म्हटलं, इतक्या हळू की शाळेत असताना पोट दुखलं की म्हणायचा तसं, पण तिने तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बांध फुटला असता, आणि आता कुठे तो नीट बांधून झाला होता. चीफने एक मोठा श्वास घेतला. शेवटच्या शर्यतीला पोस्टवर दुसरं माणूस नाही, म्हणाला; ही शर्यत कर, मग माझ्याकडे ये. या वेळी त्याच्या तोंडून लव्ह आलं नाही. तिला ते लगेच जाणवलं, आणि इतकं बरं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

ट्रॅकवर गाड्या निघायच्या तयारीत होत्या. दोघी पोस्टकडे चालू लागल्या. टेकाडावर कुणीतरी अमेरिकेचा झेंडा उलटा धरला होता आणि दुसरा हॅटवाला त्याला समजावत होता. कठड्याच्या फटीपाशी ग्लेनिस थांबली.

"खरंच ऐकली होतीस?"

आता या बाईशी काय खोटं बोलायचं. "माहीत नाही."

"मग त्याला तसं का म्हणालीस?"

"तो माझी कीव करत होता. मला ती नकोय."

ग्लेनिस तिच्याकडे बघत राहिली. स्वयंपाकघरात पोरांच्या रांगेकडे बघत असेल तशीच, कुणाला खरंच भूक आहे आणि कोण नाटक करतंय ते ओळखायला. मग म्हणाली, "आणि आज वाजवली तर?"

सुनेत्राला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं, किंवा झाल्यासारखं वाटलं असतं. ती म्हणाली, "तेही माहीत नाही."

ग्लेनिसने माफ केलं नाही, ती रागावलीही नाही. तिने निळा झेंडा उचलला, शिट्टी ओठांत धरली आणि येणाऱ्या गाड्यांच्या दिशेला तोंड करून आपल्या जागी जाऊन उभी राहिली. खांदे नेहमीइतकेच रुंद. सुनेत्राने पिवळा घेतला आणि पाठ फिरवली.

पाठ. इतकी वर्षं तिला ती असल्याचं कधी जाणवलंच नव्हतं. पाठ म्हणजे ग्लेनिसच्या हवाली केलेली वस्तू, तिच्याबद्दल आपण कशाला विचार करायचा. आता कण्याच्या एकेका मणक्यापर्यंत ती तिथे होती, उघडी, उन्हात तापलेली. लांबवर वरच्या वळणामागे इंजिनं एकदम पेटली आणि तो आवाज जमिनीतून, बुटांच्या तळव्यांतून वर चढत आला, पोटऱ्या, गुडघे, कंबर... आणि त्याच्यासोबत भीती आली. मे महिन्यात आली होती की नाही कोण जाणे; आज आली, लख्ख, तोंडात तांब्याची चव आणणारी. पुढचं वळण रिकामं होतं, तिची नजर त्यावर होती, आणि कान, आज पहिल्यांदाच, मागे लागलेले होते. आत्ता कुणी येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला असता आणि म्हटलं असतं, घाबरू नकोस, तर तिने त्याला तिथल्या तिथे हाकलून दिलं असतं. चालता हो. ही भीती माझी आहे.